एक धून धरा आणि तिच्या मागे जा: डोंगरी संगीतावर ऑडिओ मालिका करणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये राहणारी एक आणि नाशिकमधली तिची मैत्रीण, अशा दोघींना अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियन डोंगरातलं जुनं ‘ओल्ड-टाइम’ संगीत आणि त्यातून रेडिओच्या काळात घडलेलं ब्लूग्रास यांवर मराठीत ऑडिओ मालिका करायची आहे. त्यांनी सहा भाग ठरवलेत: इतिहास, वाद्यं, मोठे कलाकार, गाणी, महोत्सव आणि आजची पिढी. ही रचना बरोबर आहे का, ध्वनिमुद्रण कसं करायचं, जुन्या रेकॉर्डी वापरता येतात का आणि मराठी श्रोता हे ऐकेल का, असं त्यांनी विचारलंय.

रचना मोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. इतिहास, वाद्यं, कलाकार ही पुस्तकाची प्रकरणं झाली. वाचणारा मागचं पान उलटून बघू शकतो. ऐकणारा गाडी चालवत असतो, भाजी चिरत असतो. त्याच्या कानात एका वेळी एक माणूस आणि एक चाल राहते. म्हणून एका भागाला एक धून घ्या. ती कोणी कोणाकडून उचलली, कुठल्या घरात, कुठल्या वाद्यावर, पुढे कोणाकडे गेली, एवढंच शोधत जा. इतिहास, वाद्यं आणि मोठी नावं त्या वाटेवर भेटतातच, आणि भेटतात तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायला कारण असतं.

मी बरीच वर्षं उत्तर कॅरोलिना, नैऋत्य व्हर्जिनिया आणि पूर्व केंटकीत माइक घेऊन फिरते आहे. या संगीताची वीणच शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या साखळीची आहे. जॅममध्ये, म्हणजे वादक वर्तुळात बसून एकत्र वाजवतात त्या बैठकीत, बसलेल्या कोणालाही विचारा, ही चाल कुठली? बहुतेक वेळा उत्तरात माणसाचं नाव येतं: ही टॉमी जॅरेलची, ही आमच्या आजोबांच्या शेजाऱ्याची. उत्तर कॅरोलिनातल्या टोस्ट गावचे टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) राज्याच्या महामार्ग खात्यात रस्ते सपाट करण्याचं यंत्र चालवायचे. निवृत्तीनंतर देशभरातून तरुण पोरं त्यांच्या घरी येऊन बसायची, राहायची, शिकायची. टोस्टजवळच्या राउंड पीक भागाची फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बँजो (चामडं ताणलेल्या गोल पेटीचं तारवाद्य) यांची ती शैली आज जगभर वाजते, ती त्या घरातून बाहेर पडली म्हणून. साखळी अशी नावानिशी ओळखता येते, त्यामुळे कथा सांगणाऱ्याचं अर्धं काम संगीतानंच करून ठेवलेलं आहे.

एक भाग पूर्ण मांडून दाखवते. धून घ्या ‘बोनापार्ट्स रिट्रीट’. नेपोलियनच्या माघारीचं नाव असलेली ही चाल डोंगरात फिडलवर पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली, आणि बहुतेक वादक ती कूच करणाऱ्या सैन्यासारखी संथ वाजवत. त्यासाठी फिडलच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या लावतात: खर्ज सा, सा, प आणि तार सा. चारही तारा अशा सा-पात आल्या की गज एका तारेवर चाल काढतो आणि शेजारची तार अखंड बोलत राहते. कानाला बॅगपाइपचा भास होतो. १९३७ मध्ये लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ लायब्ररी ऑफ काँग्रेस या वॉशिंग्टनमधल्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी केंटकीत ध्वनिमुद्रणं करत होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सॅल्यर्सव्हिल गावी विल्यम हॅमिल्टन स्टेप या फिडलवादकानं त्यांच्या यंत्रापुढे ही चाल वाजवली आणि तिला थेट नाचाच्या वेगावर नेलं. जागेवर कोरलेली ती तबकडी वॉशिंग्टनला गेली. तिथे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी ती पुन्हा पुन्हा ऐकून बारकाव्यांसकट स्वरलिपीत उतरवली. १९४१ मध्ये लोमॅक्स पितापुत्रांच्या गीतसंग्रहात ती छापून आली. संगीतकार आरन कोपलंड यांनी ती तिथून उचलली आणि १९४२ मधल्या ‘रोडिओ’ या बॅलेच्या ‘होडाउन’ भागात अख्ख्या वाद्यवृंदाला वाजवायला दिली, जवळजवळ स्टेप यांच्याच वळणांनी. पुढे १९९० च्या दशकात तीच चाल अमेरिकेत टीव्हीवरच्या एका गाजलेल्या जाहिरातीत घरोघरी पोचली. पूर्व केंटकीतल्या एका माणसानं एका दिवशी घेतलेला वेगाचा निर्णय आज कोट्यवधी लोकांच्या कानात आहे, आणि त्यांतल्या फार थोड्यांना त्याचं नाव माहीत आहे.

आता हे ऐकवायचं कसं? निवेदनानं सुरुवात करू नका. आधी एखाद्या स्थानिक फिडलवादकाला संथ चाल वाजवायला सांगा, एक आवर्तन. मग तीच चाल स्टेप यांच्या वेगात. मध्ये एक शब्दही नको. श्रोत्याला फरक ऐकू आला की त्याच्या मनात ‘हे का झालं?’ असा प्रश्न उठतो, आणि तुमचं निवेदन त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येतं. तारा बदलून लावतानाचा आवाजही ठेवा: खुंटी फिरते, तार खाली उतरते, वादक थांबतो, पुन्हा गज ओढतो, सूर जुळतो. मराठी श्रोत्याला तानपुरा लागताना ऐकण्याची सवय आहे. या अर्ध्या मिनिटात त्याला जे कळेल ते दोन पानी स्पष्टीकरणानं कळणार नाही. कोपलंड यांची रचना मात्र अजून कॉपीराइटच्या हक्काखाली आहे, तेव्हा वाद्यवृंदाचा तुकडा रीतसर परवानगीशिवाय घेऊ नका. फक्त नाव सांगा. ज्याला ऐकायचं तो शोधून ऐकेल.

इथेच एक गोष्ट आग्रहानं सांगते, कारण बहुतेक मालिका इथे फसतात. बोलण्याखाली संगीत पसरून ठेवू नका. मागे बँजो वाजतोय आणि वर निवेदक बोलतोय, अशानं संगीत सजावट होऊन बसतं. एक तर संगीत वाजू द्या, नाही तर बोला. ओल्ड-टाइम धुनांची बांधणी सहसा दोन भागांची असते, प्रत्येक भाग दोनदा. नाचाच्या नेहमीच्या लयीत एक पूर्ण आवर्तन साधारण ३५ सेकंदांचं होतं. भागाच्या मुख्य धुनेला निदान तीन आवर्तनं द्या, म्हणजे पावणेदोन मिनिटं. संपादन करताना तुम्हाला हे लांब वाटेल, श्रोत्याला वाटणार नाही. पहिल्या आवर्तनात तो चाल ओळखतो, दुसऱ्यात ठेका पकडतो, तिसऱ्यात त्याला बँजो आणि फिडल एकमेकांशी काय करताहेत ते ऐकू येऊ लागतं. कापायचं तर आवर्तनाच्या शेवटी कापा, मध्येच आवाज विरवत नेऊ नका. काही धुनांत एखादी मात्रा जास्त किंवा कमी असते, इथले वादक अशा धुनांना ‘क्रुकेड’ म्हणतात. संपादन करणाऱ्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो ती ‘दुरुस्त’ करून टाकेल.

ओल्ड-टाइम आणि ब्लूग्रास यांतला फरकही व्याख्येनं सांगू नका. ओल्ड-टाइम जॅममध्ये सगळे मिळून एकच चाल वाजवतात, पुन्हा पुन्हा, कधी दहा मिनिटं; कोणी एकटा पुढे येत नाही. बँजो नखांनी खाली मारत वाजतो, त्याला क्लॉहॅमर म्हणतात, आणि पाचवी आखूड तार अंगठ्याखाली सतारीच्या चिकारीसारखी मधूनमधून वाजत राहते. ब्लूग्रासमध्ये वादक आळीपाळीनं पुढे येऊन आपला तुकडा वाजवतात, मँडोलिन ठेक्याच्या उलट्या मात्रेवर आघात करते, आवाज उंच पट्टीत चढतात. एकच धून दोन्ही पद्धतींनी वाजवून घ्या. ‘सॅली गुडिन’ त्यासाठी उत्तम. टेक्ससचे फिडलवादक ‘एक’ (Eck) रॉबर्टसन यांनी ती १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी एकट्या फिडलवर मुद्रित केली. दक्षिणेतल्या ग्रामीण फिडलवादनाच्या अगदी पहिल्या व्यावसायिक मुद्रणांपैकी ती एक. तीन मिनिटांत एका साध्या चालीची इतकी रूपं त्यांनी उलगडलीत की आजही फिडल शिकणारे त्यापाशी थांबतात. ते मुद्रण अमेरिकेत आता कॉपीराइटमुक्त आहे. ते ऐकवा आणि लगेच पुढे आजच्या ब्लूग्रास चमूनं वाजवलेली तीच धून.

ब्लूग्रासबद्दल लिहिताना ‘शेकडो वर्षांची परंपरा’ हा शब्दप्रयोग टाळा. हा प्रकार रेडिओच्या काळात जन्मला. त्याचे जनक मानले जाणारे बिल मन्रो १९११ मध्ये पश्चिम केंटकीतल्या रोझिनमध्ये जन्मले. आई-वडील लवकर गेले, मामा पेन व्हँडिव्हर फिडल वाजवायचे, त्यांच्याबरोबर ते नाचांना साथीला जात. त्याच भागातले आर्नल्ड शुल्ट्झ हे कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादक. त्यांचाही ठसा मन्रो स्वतः मोकळेपणानं सांगत. १९३९ मध्ये मन्रो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात आले. पण आज आपण ज्याला ब्लूग्रास म्हणतो तो नाद पक्का झाला डिसेंबर १९४५ मध्ये, उत्तर कॅरोलिनाचा अर्ल स्क्रग्ज हा २१ वर्षांचा पोरगा त्यांच्या चमूत आला तेव्हा. अंगठा आणि दोन बोटांनी, गोळ्या सुटाव्यात तसा सलग सुटणारा त्याचा बँजो श्रोत्यांनी असा कधी ऐकलाच नव्हता. मन्रो, लेस्टर फ्लॅट, स्क्रग्ज, चबी वाइज आणि हॉवर्ड वॉट्स या पाच जणांनी सप्टेंबर १९४६ मध्ये शिकागोत मुद्रणं केली, आणि १९४८ मध्ये फ्लॅट व स्क्रग्ज वेगळे झाले. म्हणजे ज्या चमूवर सगळी इमारत उभी आहे तो जेमतेम दोन-सव्वादोन वर्षं एकत्र होता. या काळावर एक स्वतंत्र भाग करा, आणि त्यात एका माइकभोवतीची हालचाल ऐकवा. तेव्हाचे चमू एकाच माइकपुढे वाजवत: ज्याची पाळी तो पुढे सरके, बाकीचे मागे हटत. आजही काही चमू तसं वाजवतात. त्यांच्या समोर एकच चांगला माइक ठेवा. पावलं, फळ्यांची कुरकुर, बँजोचं जवळ येणं, फिडलचं दूर जाणं हे सगळं मुद्रणात उतरतं, आणि चित्र नसतानाही श्रोत्याला मंच दिसतो.

ब्रिस्टल शहरातल्या १९२७ च्या मुद्रणांचा भाग तुम्ही कराच, पण तो सगळेच करतात म्हणून लहान ठेवा. टेनेसी आणि व्हर्जिनियाची सीमा ज्या शहराच्या मुख्य रस्त्यातून जाते तिथे, टोप्यांच्या कंपनीच्या इमारतीत, व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअर यांनी २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७ या काळात १९ कलाकार-संचांची ७६ गाणी मुद्रित केली. पुढे गाजलेले कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स पहिल्यांदा मुद्रित झाले ते तिथेच. १८ वर्षांची मेबेल कार्टर तेव्हा गरोदर होती, तिला आठवा महिना लागायचा होता किंवा लागला होता. डोंगरातून धुळीच्या रस्त्यानं मोटारीत बसून ती आली, आणि गिटारच्या जाड तारांवर अंगठ्यानं चाल काढण्याची तिची पद्धत पुढे साऱ्या जगानं उचलली. मराठी श्रोत्यासाठी इथे एक खरा धागा आहे. ब्रिस्टलची मुद्रणं सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. दुसरा धागा त्याहून हाताला लागणारा आहे: ७८ गतीच्या त्या तबकड्या ज्या शेलॅकच्या बनत, ती लाख मुख्यतः भारतातून जाई. कार्टर कुटुंबाच्या आवाजाखाली आपल्याकडच्या जंगलातली लाख आहे. एवढं एक वाक्य सांगा आणि पुढे जा. ओढूनताणून साम्यं शोधत बसू नका.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते या संगीताचं खरं कुळ सांगणं. १९१६ ते १९१८ या काळात इंग्लंडचे लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस डोंगरात फिरले आणि त्यांनी इंग्रजी-स्कॉटिश कथागीतांचा मोठा ठेवा टिपून घेतला. त्या कामाचं मोल आहेच. पण जे शोधायला आले तेच त्यांना मुख्यतः दिसलं. बँजोकडे, नाचाच्या धुनांकडे, कृष्णवर्णीय वादकांकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही, आणि ‘डोंगरात जपलेलं शुद्ध ब्रिटिश संगीत’ ही समजूत त्यातून बळावली. बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी घडवला. सेनेगल-गाम्बियाकडच्या जोला लोकांचं अकॉन्टिंग हे भोपळ्याचं वाद्य पाहिलं, त्यावरची बोटांची हालचाल पाहिली, की क्लॉहॅमरचं नातं डोळ्यांना दिसतं. ऑप्रीच्या सुरुवातीच्या काळातला लोकप्रिय हार्मोनिकावादक डिफोर्ड बेली कृष्णवर्णीय होता.

आणि लेस्ली रिडल. माझ्या मते संपूर्ण मालिकेतला सर्वांत चांगला भाग त्यांच्यावर होईल. रिडल कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्यांचा एक पाय गेला. उजव्या हाताची दोन बोटंही ते गमावून बसले होते, आणि उरलेल्या बोटांनी त्यांनी स्वतःची वाजवण्याची पद्धत बसवली. १९२८ च्या सुमारास टेनेसीतल्या किंग्जपोर्टला त्यांची कार्टर कुटुंबाचे प्रमुख ए. पी. कार्टर यांच्याशी गाठ पडली. त्यानंतर दोघं मिळून गाणी गोळा करायला डोंगरातली गावं, वस्त्या, चर्चं फिरू लागले. काम वाटून घेतलेलं होतं: कार्टर शब्द लिहून घेत, रिडल चाल लक्षात ठेवत. परत आल्यावर ते ती चाल कार्टर कुटुंबाला वाजवून दाखवत. जिम क्रोच्या, म्हणजे कायद्यानं लादलेल्या वर्णभेदाच्या काळात एक गोरा आणि एक काळा माणूस एकत्र प्रवास करताहेत, घराघरांत जाऊन गाणी मागताहेत, याचा अर्थ काय होता ते श्रोत्याला शांतपणे सांगा. तबकडीवर नाव कार्टरांचं छापलं गेलं. १९६० च्या दशकात वादक आणि संग्राहक माइक सीगर यांनी रिडल यांना न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये शोधून काढलं आणि त्यांना पुन्हा वाजवतं केलं. ती मुद्रणं आज ऐकता येतात. ज्याच्या स्मरणशक्तीवर एवढी गाणी तरली, त्याचा आवाज शेवटी ऑडिओतूनच परत आला. आपल्या माध्यमाचा यापेक्षा चांगला उपयोग मला माहीत नाही.

साखळीचं अलीकडचं टोक हवं असेल तर उत्तर कॅरोलिनातल्या मेबनजवळचे फिडलवादक जो थॉम्पसन (१९१८–२०१२). २००५ मध्ये बून इथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. तिथे जमलेल्या तरुणांपैकी तिघं नंतर दर गुरुवारी थॉम्पसन यांच्या घरी शिकायला जाऊ लागले. त्यातून ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ हा चमू उभा राहिला, त्यांना ग्रॅमी मिळालं, आणि र्‍हायनन गिडन्स या त्यातल्या गायिका-बँजोवादकाचं नाव सगळीकडे पोचलं. घर, गुरुवार, एक म्हातारा फिडलवादक आणि तीन पोरं: भागाची पटकथा तयार आहे. हेझल डिकन्स (१९२५–२०११) यांनाही सोडू नका. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या खाणकामगाराच्या कुटुंबातली ही बाई बाल्टिमोरच्या कारखान्यांत राबली, आणि अ‍ॅलिस जेरार्डबरोबर पुरुषांच्या या क्षेत्रात ठामपणे उभी राहून फुफ्फुसं काळी पडून मेलेल्या खाणकामगारांची गाणी गायली.

मुलाखतींबद्दल. ‘हे संगीत तुमच्यासाठी काय आहे?’ असं विचारू नका. सुंदर, गुळगुळीत आणि निरुपयोगी उत्तर मिळेल. ‘ही चाल पहिल्यांदा ऐकलीत तेव्हा वाजवणारा कुठे बसला होता? खोलीत आणखी कोण होतं? स्वयंपाकघर होतं की ओसरी? तुमच्या वडिलांना ते आवडायचं का?’ असं विचारा. वाद्य मांडीवर असू द्या. डोंगरातली वयस्कर माणसं मितभाषी असतात, पण शब्द अडले की बोटं पुढे होतात, आणि तो क्षण तुम्हाला हवा असतो. पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नये, निदान म्हातारे वादक असतील तर. जेवायला बसवलं तर बसा. ‘सर’, ‘मॅम’ म्हणा, तिथे ती रीत आहे. बऱ्याच घरांत रविवारी सकाळी चर्च असतं, तेव्हा फोन करू नका. धर्म, राजकारण, गरिबी यांवर तुमचं मत आधीच ठरवून जाल तर ते त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं. डोंगराबाहेरच्या लोकांनी या माणसांची शंभर वर्षं टिंगल केलीय, त्यामुळे त्यांचा कान त्या बाबतीत तिखट आहे.

तंत्राचं थोडक्यात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ पुरे. बँजोचा आघात अचानक आणि तीक्ष्ण येतो, म्हणून सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकीच पातळी ठेवा. जॅमसाठी दोन कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त घेणारे) माइक, टोकांत १७ सेंटीमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, वर्तुळाच्या कडेला डोक्याच्या किंचित वर. आधी विचारा, धून चालू असताना काही हलवू नका, आणि वर्तुळाच्या आत स्टँड घुसवू नका. फ्लॅटफूट नाच असेल तर एक माइक जमिनीजवळ फळीपाशी हवाच. तिथे पाऊल हे तालवाद्य असतं. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती शांतता मुद्रित करा, संपादनात तीच सांधे भरते. आणि फोनवर किंवा इंटरनेटवरून मुद्रण करत असाल तर आवाज ‘स्वच्छ’ करणारी स्वयंचलित सोय बंद करा. ती सलग वाजणाऱ्या तारेला पंख्याची घरघर समजते आणि खाऊन टाकते. मग फिडलमधून नेमका जीव जातो आणि काय बिघडलं ते कळत नाही.

जुन्या मुद्रणांचे हक्क हा कंटाळवाणा भाग आहे, पण त्यात चूक महाग पडते. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानं १९२३ ते १९४६ मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांना प्रकाशनानंतर १०० वर्षांचं संरक्षण आहे, आणि ते वर्षअखेरीस संपतं. म्हणजे १९२७ मध्ये बाजारात आलेल्या ब्रिस्टलच्या तबकड्या १ जानेवारी २०२८ ला मुक्त होतील. १९४७ ते १९५६ च्या मुद्रणांना तर ११० वर्षं. भारतात ध्वनिमुद्रणाची मुदत ६० वर्षं आहे, पण तुमची मालिका दोन्हीकडे ऐकली जाणार, तेव्हा जास्त कडक नियम पाळा. चाल मुक्त असली तरी एखाद्या वादकाचं विशिष्ट मुद्रण मुक्त असेलच असं नाही, हे दोन वेगळे हक्क आहेत. सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग: पारंपरिक धून आजच्या वादकाकडून वाजवून घ्या, त्याला रीतसर मानधन द्या, आणि त्यानं ती कोणाकडून घेतली ते भागात नाव घेऊन सांगा. संग्रहालयांकडेही जा. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं अमेरिकन फोकलाइफ सेंटर, केंटकीतल्या बेरिया कॉलेजचा ध्वनिसंग्रह, ओवेन्सबरोचं ब्लूग्रास संग्रहालय, ब्रिस्टलचं २०१४ मध्ये उघडलेलं संग्रहालय. तिथले लोक आनंदानं मदत करतात, फक्त नेमकी धून आणि नेमकं नाव घेऊन जा.

मराठीत निवेदन करताना गाण्यावर भाषांतर बोलू नका. गाण्याआधी दोन वाक्यांत गोष्ट सांगा, मग गाणं पूर्ण ऐकू द्या. मुलाखतीतला मूळ आवाजही सुरुवातीला दहा-बारा सेकंद मोकळा ठेवा, मग मराठी आवाज आणा, आणि शेवटची ओळ पुन्हा मूळ आवाजात येऊ द्या. डोंगरातल्या इंग्रजीचा हेल श्रोत्याला मिळालाच पाहिजे. शब्द कळले नाहीत तरी वय, दम, हसू, अडखळणं कळतं. मराठी श्रोता ऐकेल का, या तुमच्या शंकेला माझं उत्तर होय असं आहे. ओवी, भारूड, कीर्तन ऐकत वाढलेल्या कानाला पुन्हा पुन्हा येणाऱ्या चालीचा कंटाळा येत नाही. झाकीर हुसेन, राकेश चौरसिया, बेला फ्लेक आणि एडगर मेयर यांचं एकत्र काम ज्यांनी ऐकलंय त्यांना बँजो परका नाही. त्यांना घेऊन डोंगरात जायचं एवढंच उरतं.

आता कुठून सुरू करायचं? शार्लटहून माउंट एअरी दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. तिथलं डब्ल्यूपीएक्यू हे रेडिओ केंद्र १९४८ पासून शनिवारी स्थानिक वादकांचा थेट कार्यक्रम करतं. आधी नुसतं ऐकायला जा. तिथून व्हर्जिनियातलं गॅलॅक्स जवळ आहे. १९३५ पासून भरणारं तिथलं फिडलवादकांचं अधिवेशन ऑगस्टमध्ये असतं, आणि खरं संगीत मंचापेक्षा मैदानातल्या तंबूंमध्ये, रात्री उशिरापर्यंत. ब्लू रिज पार्कवे या डोंगरी रस्त्यावरच्या २१३ व्या मैलाशी ब्लू रिज म्युझिक सेंटर आहे, हंगामात दुपारी वादक बसतात. व्हर्जिनियातच शुक्रवारी फ्लॉइड गावच्या दुकानातला जॅम, शनिवारी हिल्टन्स गावातलं कार्टर फोल्ड हे कार्टर कुटुंबाचं संगीतघर. नाशिकच्या मैत्रिणीनं तोवर केंटकीतली लोमॅक्स मुद्रणं ऐकून काढावीत, ती इंटरनेटवर खुली आहेत. एका वहीत धून, वादक, गाव आणि तारांची रचना लिहीत जावं. दोघींच्या याद्या समोरासमोर ठेवल्यात की जी धून दोन्हीकडे आहे ती पहिल्या भागाला घ्या.

शेवटचं एक काम पहिल्याच दिवसापासून करा. प्रत्येक मुलाखतीची पूर्ण, न कापलेली फाइल, नावं, तारीख, ठिकाण आणि लेखी संमतीसह, बोलणाऱ्याच्या कुटुंबाला द्या आणि एक प्रत जवळच्या संग्रहालयाला. जुलै २०२२ च्या पुरात केंटकीतल्या व्हाइट्सबर्गमधल्या अ‍ॅपलशॉप संस्थेचा अनेक दशकांचा फिल्म आणि टेपांचा साठा चिखलात गेला. त्यातलं बरंच अजून धुऊन, वाळवून वाचवणं चालू आहे. तुमच्या मालिकेत विसाव्या मिनिटाला संपणारी मुलाखत मुळात दोन तासांची असते, आणि त्या माणसाच्या नातवाला कधीतरी बाकीचे एक तास चाळीस मिनिटंच हवे असतात.